इव्होक : आधी चित्र, मग गाडी (आणि आपल्या नागपुरात ती कितपत जमेल)

अंबाझरीकाठ यांचा धागा

मंडळी, नमस्कार.

रामदासपेठेतले माझे भाऊजी दिवाळीपर्यंत गाडी घेणार आहेत. अट एकच. लांबी साडेचार मीटरच्या आत हवी, कारण त्यांच्या पोर्चमध्ये त्याहून मोठी गाडी उभी केली की फाटक लागत नाही. बजेट सत्तरपर्यंत ताणता येईल. त्यामुळे छोट्या लक्झरी एसयूव्हींची यादी आपोआप आखूड झाली : ऑडी क्यू३, बीएमडब्ल्यू एक्स१, मर्सिडीज जीएलए आणि रेंज रोव्हर इव्होक. भाऊजींचं मन इव्होकवर बसलंय. मी तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकवतो, म्हणून "तू जरा बघून सांग" असं काम माझ्याकडे आलं. गेले दोन महिने मी या गाडीच्या जन्मकथेत बुडालोय. जे हाती लागलं ते इथे मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा, आणि ज्यांनी चालवलीय त्यांनी जरूर लिहा.

या गाडीची गोष्ट जानेवारी २००८ मध्ये सुरू होते. त्या महिन्यात दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटांनी नॅनो दाखवली, हे आपल्या सगळ्यांना आठवतं. त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात रेंज रोव्हर बनवणाऱ्या लँड रोव्हरने 'एलआरएक्स' नावाची तीन दारांची कल्पना-गाडी (कॉन्सेप्ट कार) ठेवली होती. छप्पर मागे उतरत गेलेलं, खिडक्यांची खालची रेघ मागे चढत गेलेली, काच अगदी चिंचोळी. कंपनी तेव्हा फोर्डची होती आणि विक्रीला निघालेली होती. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतल्या, आणि लगोलग जगभर मंदी आली. अशा वर्षात नव्या मालकाच्या हाती एक देखणं चित्र होतं. प्रदर्शनातली बहुतेक चित्रं पुढे गोदामात जातात. हे चित्र मात्र त्यांनी गाडीपर्यंत नेलं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

१ जुलै २०१० ला, मूळ रेंज रोव्हरला चाळीस वर्षं झाली त्या निमित्ताने, लंडनच्या केन्सिंग्टन पॅलेसमध्ये इव्होक दाखवली गेली. डिझाइनचे प्रमुख होते जेरी मॅक्गव्हर्न. जुलै २०११ पासून लिव्हरपूलजवळच्या हेलवूड कारखान्यात ती बनू लागली. हा कारखाना १९६३ चा, मूळचा फोर्डचाच. दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. डेट्रॉइटची कल्पना-गाडी आणि रस्त्यावर आलेली इव्होक यांत फरक शोधावा लागतो. मी वर्गात दोन्हींचे छाप भिंतीला लावले, तर मुलांना कुठलं आधीचं ते पटकन सांगता आलं नाही.

आता यातली खरी कसरत काय होती? साधारणपणे सांगाडा आधी असतो आणि पत्रा त्याच्यावर बसतो. इथे पत्रा ठरला होता आणि सांगाडा फ्रीलँडर २ चा घ्यायचा होता, म्हणजे फोर्डच्या काळातला. तो त्या आकृतीखाली बसवायचा, वजन उतरवायचं, आणि चिखलात-पाण्यात जाण्याची घराण्याची रीत सोडायची नाही. मग बॉनेट आणि छप्पर अॅल्युमिनियमचं केलं, पुढचे मडगार्ड आणि मागचं दार प्लॅस्टिक कंपोझिटचं केलं. पुढच्याच दोन चाकांना ताकद देणारा पहिला रेंज रोव्हरही हाच. त्यावर तिकडच्या जुन्या शौकिनांनी बरीच नाकं मुरडली. मला तो निर्णय बरोबर वाटतो. रोज धरमपेठ ते सदर करणाऱ्याला चारही चाकांची ओढ कशाला?

दुसरी पिढी २२ नोव्हेंबर २०१८ ला आली. बाहेरून जुनीच वाटते, पण दारांच्या बिजागऱ्या सोडल्या तर जवळपास काहीच जुनं ठेवलं नाही. नवा सांगाडा, चाकांमधलं अंतर २१ मि.मी. वाढून २६८१, एकूण लांबी ४३७१ मि.मी. पाण्यातून जाण्याची खोली ५०० वरून ६०० मि.मी. झाली.

या शेवटच्या आकड्यापाशी मी थांबलो, कारण आपण नागपूरकर आहोत. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र कोण विसरेल? चार तासांत १०० मि.मी.च्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. डागा ले-आउटमध्ये माझ्या मामांच्या फाटकाच्या खांबावर त्या पाण्याची मातकट रेघ अजून आहे. मागच्या रविवारी टेप घेऊन गेलो. जमिनीपासून रेघेपर्यंत १ मीटर ८ सें.मी. मग स्वतःचा गुडघा मोजला, वाटीपर्यंत ४९ सें.मी. म्हणजे ६०० मि.मी. हे गुडघ्याच्या वाटीच्या अकरा सें.मी. वर, मांडीला लागतं न लागतं तेवढं पाणी. माहितीपत्रकात हा आकडा वाचताना वाटतं की गाडी नदी पार करेल. खांबापाशी उभं राहिलं की कळतं, त्या रात्री ती मामांच्या अंगणातसुद्धा बुडाली असती. आकडा खोटा नाही. आपण तो आपल्या अंगाला, आपल्या घराला लावून बघत नाही.

म्हणून हा धागा. भाऊजींना मी काय सांगू?

---

मनीषनगर_मेकॅनिकल

सुंदर लिहिलंय सर. सांगाड्याबद्दल थोडी भर घालतो.

छोट्या लक्झरी एसयूव्हीचं गणित इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने, बसवण्यात आहे. उभं इंजिन ठेवलं की बॉनेट लांब होतं आणि माणसांची जागा जाते. बीएमडब्ल्यूसारखी मागच्या चाकांचा अभिमान बाळगणारी कंपनी बघा. पहिल्या एक्स१ मध्ये इंजिन उभं होतं, २०१५ च्या दुसऱ्या पिढीत आडवं झालं, आणि मागे बसणाऱ्यांच्या पायांना एकदम जागा मिळाली. इव्होक पहिल्यापासून आडव्या इंजिनाचीच आहे. पण आडव्या इंजिनात गिअरबॉक्सला लांबी मिळत नाही, तिथे अडचण येते. म्हणून २०१३ मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीचा नऊ गिअरचा डबा आला त्याचं एवढं कौतुक झालं. नऊ गिअर तेवढ्याच अडचणीत बसवले होते, आणि तो पहिल्यांदा घेणाऱ्या गाड्यांत इव्होक होती.

दुसऱ्या पिढीत ४८ व्होल्टची सौम्य हायब्रिड यंत्रणा आहे. ब्रेक मारताना पट्ट्यावरचा जनरेटर वीज गोळा करतो, आणि ब्रेक लावून वेग ताशी १७ कि.मी.च्या खाली आला की इंजिन थांबतं. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला ते कामाचं आहे. मे महिन्यात दुपारी एसी किती वेळ इंजिनाविना गार हवा देतो ते मात्र चालवून बघा. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंश होतं. इंग्लंडमधल्या कुठल्या गावाने तो आकडा पाहिला असेल?

---

पेंचची_वाट

मी चार वर्षं या वर्गातली गाडी चालवतेय (कंपनीचं नाव नको), म्हणून थोडं बाईमाणसाच्या आणि लेकीच्या नजरेतून लिहिते.

सगळे बॉनेट, इंजिन, गिअर बोलतात. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. तिला सेदानमध्ये बसायचं तर खाली पडल्यासारखं बसावं लागतं आणि उठताना दोघींना हात द्यावा लागतो. मोठ्या एसयूव्हीत पाय वर उचलत नाही. या छोट्या एसयूव्हींची सीट बरोबर तिच्या मांडीच्या उंचीला येते. नुसतं टेकायचं आणि वळायचं. आमच्या घरात गाडी ठरली ती यावर. शोरूमला आईला नेलं, तीन गाड्यांत बसवलं, जिथे ती विना आधार उठली ती घेतली.

मात्र इव्होकच्या मागच्या दारातून आईला बसवून बघा असं कळकळीने सांगते. छप्पर मागे उतरतं ना, तिथे डोकं वाकवावं लागतं. पुढे बसवाल तर काही प्रश्न नाही.

दुसरं, मागचं दिसणं. त्या चिंचोळ्या काचेतून लक्ष्मीनगरच्या गल्लीत रिव्हर्स घेताना माझा जीव वर-खाली झाला होता. ती गाडी मैत्रिणीची, पहिल्या पिढीची.

आणि हो, पेंचला जायचं म्हणून कोणी चार चाकांची ओढ असलेली गाडी घेत असेल तर ऐका. सिल्लारी गेटच्या आत तुमची गाडी जात नाही, जिप्सीतच बसावं लागतं. गेटपर्यंतचा रस्ता कुठलीही गाडी करते.

---

अंबाझरीकाठ

ताई, आईंच्या गुडघ्यांचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. भाऊजींच्या आईसुद्धा घरात आहेत, वय ८१. आभारी आहे.

मागच्या काचेबद्दल मी बराच विचार केला. चित्राने जे हिरावलं ते नव्या पिढीत कॅमेऱ्याने परत दिलं, असं मी म्हणेन. छपरावरच्या माशाच्या पंखासारख्या अँटेनात कॅमेरा आहे. आतल्या आरशाखालची कळ दाबली की आरशाचा पडदा होतो आणि मागचा रस्ता दिसतो, मागे तीन माणसं बसली असोत की छपरापर्यंत सामान भरलेलं असो. एक अडचण आहे. आरशात बघताना डोळा लांबचं बघतो, पडद्याकडे बघताना डोळ्याला जवळ यावं लागतं. पन्नाशीपुढच्या, चाळिशीचा चष्मा असलेल्यांना ते जड जाईल. कळ उलटी केली की साधा आरसा परत येतो, हे चांगलं केलंय.

---

वाडी_नाका_गॅरेज

सर, मी सत्तावीस वर्षं झाले हेच काम करतो. कंपनीचं पुस्तक तुम्ही वाचलं, मी तुम्हाले खालून सांगतो.

पाण्याचं पहिले. सप्टेंबरच्या त्या पुरानंतर माह्याकडे आठ दिवसांत अकरा गाड्या आल्या. त्यातल्या सात गाड्यांचं इंजिन पाण्यानं नाही गेलं, माणसाच्या घाईनं गेलं. गाडी पाण्यात बंद पडली का लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतेत. हवेच्या नळीतून पाणी सिलेंडरात जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येते, त्याले जागाच नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकते. एक रॉड मी दुकानात ठेवला आहे, आलेल्या गिऱ्हाइकाले दाखवाले. जाडजूड लोखंड, पण मधून असा वाकला आहे जसा ओला बांबू वाकवावा. गाडी बंद पडली का हात काढून घ्या, बटणाले लावू नका, टो करून आणा.

इन्शुरन्सचं बी तसंच आहे. साध्या पॉलिसीत पाण्यानं गेलेलं इंजिन बसत नाही, त्याले वेगळं इंजिन प्रोटेक्शन घ्या लागते. एवढी महाग गाडी घेता तर ते चार पैसे वाचवू नका.

आणि ६०० मि.मी. म्हणजे उभ्या पाण्यात, पायी चालणाऱ्याच्या चालीनं. बाजूनं बस गेली का लाट येते, मग तुमचे ६०० चे ८०० होते. रस्त्यावरचं मॅनहोल उघडं आहे का नाही हे कोणत्याच सेन्सरले दिसत नाही.

दुसरं डिझेलचं. बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सरात काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतेत. ती काजळी जाळाले गाडी गरम होऊन सलग चालली पाहिजे. तुमचे भाऊजी घरून दवाखान्यात, दवाखान्यातून घरी, असे तीन-तीन किलोमीटर जात असतील तर डिझेल घेऊ नका. मीटरवर लाइट येते, लोक तिकडे पाहत नाहीत, मग जाळी भरते आणि बिल पाहून माणूस खाली बसते. महिन्यातून दोनदा वर्धा रोडनं बुटीबोरी पर्यंत नेऊन आणत असतील तर मग डिझेलसारखं दुसरं काही नाही.

---

संत्रानगरी_पूर्व

काकांच्या प्रतिसादाला +१००. पुराच्या रात्री माझीही गाडी बेसमेंटमध्ये होती. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर कोणीतरी लिहिलं "स्टार्ट करून बघा", आणि मी बघितलं. पुढचं काकांनी लिहिलंय तसंच झालं.

---

पुण्यातला_वैदर्भीय

मी पिंपरी-चिंचवडला सुट्या भागांच्या धंद्यात आहे. इथल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, पण तुमच्या यादीतल्या चारपैकी तीन गाड्यांची जुळणी महाराष्ट्रातच होत आलीय. मर्सिडीजची चाकणला, ऑडीची छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, आणि इव्होकची पुण्यात. फक्त बीएमडब्ल्यू चेन्नईला.

जॅग्वार लँड रोव्हरने २०११ मध्ये पुण्यात फ्रीलँडर २ ची जुळणी सुरू केली. इव्होक तिथे २०१५ मध्ये आली. त्याआधी ती पूर्ण बांधलेली यायची आणि आयात शुल्काने किंमत कुठल्या कुठे जायची. पुढे २०२४ मध्ये मोठी रेंज रोव्हरसुद्धा पुण्यात जुळू लागली, ब्रिटनबाहेर पहिल्यांदा. म्हणजे इव्होकने वाट पाडली आणि थोरली मागून आली. ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी आमच्या वसाहतीत चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

किमतीचं सांगतो. दुसरी पिढी भारतात जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा सुरुवात ५४.९४ लाखांपासून होती. जानेवारी २०२४ ला जी सुधारित आली तिची एक्स-शोरूम ६७.९० लाख. पेट्रोल २४९ पीएस, डिझेल २०४ पीएस, दोन्ही दोन लिटरची. बाकीच्या तिघी इव्होकच्या बऱ्याच खाली सुरू होतात. मधल्या फरकात भाऊजी अंगणात सोलर बसवू शकतील. पण मन बसलं असेल तर मन वळवू नका, असं माझं मत.

---

फुटाळा_सकाळी_सहा

चित्राची एवढी चर्चा चालू आहे म्हणून एक आठवण. चीनमध्ये लँडविंड एक्स७ नावाची गाडी निघाली होती, लांबून थेट इव्होकच वाटायची. खटला चालला आणि मार्च २०१९ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने इव्होकच्या पाच खास गोष्टींची नक्कल झाल्याचं मान्य केलं. छपराचा उतार आणि मागे चढणारी खिडक्यांची रेघ त्यांत होती. म्हणजे ज्या रेघेपायी ताईंना गल्लीत मागचं दिसत नव्हतं, ती रेघ जपायला कंपनी कोर्टात गेली. मी सुलेखन करतो. एका रेघेवर एवढा जीव लावणारी माणसं मला आपली वाटतात.

---

अंबाझरीकाठ

काल टेस्ट ड्राइव्ह झाली. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी मनापासून लिहिलंत.

शोरूमवाल्यांना विनंती करून गाडी आधी भाऊजींच्या घरी नेली. लांबीचा प्रश्नच आला नाही, गाडीमागे फाटक आरामात लागलं. अडचण निघाली रुंदीची, जिचा आम्ही विचारच केला नव्हता. आरसे उघडे असताना गाडी २१०० मि.मी. भरते, आणि दोन खांबांमधलं अंतर मी मोजलं तर २३२० मि.मी. दोन्हीकडे जेमतेम अकरा-अकरा सें.मी. त्यात डाव्या बाजूला नालीवरची फरशी, तिची कड तुटलेली.

तिथे ते 'पारदर्शक बॉनेट' वापरून पाहिलं. पुढच्या जाळीत आणि दोन्ही आरशांखाली कॅमेरे आहेत. त्यांची चित्रं जोडून बॉनेटखालची, पुढच्या चाकांमधली जमीन पडद्यावर दिसते. वेग ताशी ३० कि.मी.च्या आत हवा. मी शेजारच्या सीटवर होतो. पडद्यावर डावं चाक, त्याच्याशेजारी फरशीची तुटकी कड, आणि दोघांत चार बोटांची जागा. भाऊजींनी स्टिअरिंग केसभर उजवीकडे घेतलं, चाक कडेपासून सुटताना दिसलं, गाडी आत. एकही शिट्टी नाही, "येऊ द्या, येऊ द्या" नाही.

एक सावधगिरी मी तिथेच सांगितली, इथेही लिहितो. इंजिनाच्या बरोबर खाली कॅमेरा नाही. पुढच्या कॅमेऱ्याने क्षणापूर्वी जी जमीन पाहिली तीच पडद्यावर खाली सरकवलेली असते. फरशी हलत नाही, म्हणून ती दिसते ती खरी. कुत्र्याचं पिल्लू मधल्या क्षणात खाली शिरलं तर पडद्याला ते कळणार नाही. उन्हाळ्यात सावलीसाठी पिल्लं गाडीखालीच असतात, तेव्हा आधी वाकून बघायचं.

मग सेमिनरी हिल्सचा चढ, तिथून फुटाळ्याला वळसा. पोटाच्या जमिनीपासूनच्या २१२ मि.मी.च्या उंचीमुळे गतिरोधकाला पोट घासलं नाही. मागच्या सीटवर मी पाच फूट दहा इंचाचा बसलो, डोकं छपराला लागलं नाही, पण आत शिरताना मान वाकवावी लागली. ताईंनी सांगितलं तसंच. भाऊजींच्या आईंना मग पुढे बसवलं. त्या टेकल्या, वळल्या, पाय आत घेतले. उतरताना दाराच्या चौकटीला हात लावला, पण आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. "ही चालेल," एवढंच बोलल्या.

काकांच्या सांगण्यावरून भाऊजींचा आठवड्याचा प्रवास कागदावर मांडला. रोज दोन वेळा साडेतीन कि.मी., रविवारी क्वचित रामटेक. समृद्धीने वर्षातून दोनदा शिर्डी. तेव्हा डिझेल रद्द, पेट्रोल ठरलं. इंजिन प्रोटेक्शन पॉलिसीत घालायचं, हे त्यांनी स्वतःच्या हाताने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं.

काका, तुमच्या दुकानातला तो वाकलेला रॉड माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दाखवायचा आहे. पुढच्या शनिवारी तीस जण आणले तर चालतील का?

---

वाडी_नाका_गॅरेज

या सर, अवश्य या. सकाळी दहाच्या आत या, नंतर गिऱ्हाइकाची गर्दी असते. पोरांले म्हणा जुने कपडे घालून या, रॉड हातात घेऊन पाहू द्या त्याइले. दोन इंजिन खोललेले आहेत, तेबी दाखवतो.